भुवया फोनवर दिसत नाहीत

आमची आत्या फोनवर अंतराच्या हिशेबाने बोलायची. ठाण्याला साध्या आवाजात, नागपूरला जरा चढ्या, आणि अमेरिकेतल्या मुलाचा आला की वाड्यातली कबुतरं उडायची. तारेवर तिचा भरवसा नव्हता. आवाज आपणच पोचवायचा.

आत्याचाही आवाज पुरला नसता अशा ठिकाणी, कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुत नावाचा प्रदेश आहे. साडेसहा महाराष्ट्र मावतील एवढा, आणि माणसं चाळीस हजारांच्या आसपास. २५ वस्त्या, पण एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. अगदी वरच्या वस्त्यांत हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. तिथल्या इकालुइत गावात १९९० च्या सुमारास ‘कमात्सियाक्तुत’ ही हेल्पलाइन सुरू झाली. मनावर ओझं असेल त्याने फोन करायचा, पलीकडे स्वयंसेवकाने ऐकायचं. नावगाव सांगायचं नाही. आता जिथे सगळं गाव एकमेकांना खोकल्यावरून ओळखतं, तिथे नाव लपवून काय उपयोग, असं माझ्या वाडासंस्कृतीच्या मनात आलंच.

पण मला खरी भुरळ पडली ती भुवयांची. तिथली मूळची इनुइट माणसं ‘हो’ म्हणायला नुसत्या भुवया उंचावतात आणि ‘नाही’ला नाक मुरडतात. फोनवर ते कसं दिसायचं? त्यात तिथले फोन बरेचसे उपग्रहावरून, म्हणजे शब्द छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली येणार. पलीकडून आवाज आला नाही, तर तो गप्प आहे, वाटेत आहे की भुवया उंचावून बसलाय? ऐकणाऱ्याने थांबायचं, एवढंच.

मला ते कधी जमलं नाही. मित्राची बायको गेली तेव्हा मी फोन केला. तो गप्प झाला आणि मी घाबरून बोलत सुटलो: जेवलास का, पाऊस काय म्हणतो, वीजबिलावरचं नाव बदलून घे. त्याने तीनदा ‘हं’ केलं. पुढे महिन्याभराने म्हणाला, “त्या दिवशी मला रडायचं होतं रे. तू वीजबिल काढलंस.”

परवा पुन्हा केला. “कसा आहेस?” विचारलं आणि तोंड मिटून बसलो. त्याच्याकडे कुकर लागला होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. ‘हॅलो’ अगदी ओठांवर आलं होतं. तिसऱ्या शिट्टीला तो म्हणाला, “गॅस बंद करून येतो. ठेवू नकोस.”

मी मान डोलावली.