कोपऱ्यावरच्या काकांनी बेल विकला

अहो वहिनी, जरा इकडे या फेन्सपाशी. मेथी राहू द्या, अजून माती गार आहे. मे उजाडल्याशिवाय ओंटारियोत काही उगवायचं नाही. ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकांनी अखेर बेल विकला. सगळाच्या सगळा, हजार शेअर! काल देवळात प्रसादाच्या रांगेत काकूंनीच सांगितलं. आणि पाडव्याला हेच काका श्रीखंड वाढता वाढता मला म्हणत होते, दुभत्या गाईच्या लाथा गोड.

लाथा गोड, कबूल. पण दूध? ते किती उरलं होतं?

2022 च्या एप्रिलात घेतलेला माल, 70 डॉलरच्या वर भाव देऊन. तेव्हा सगळ्या मंडळात बेलचंच कौतुक. फोन कंपनी आहे, लोक जेवण सोडतील पण फोन सोडणार नाहीत, वगैरे. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत त्यांनी डिव्हिडंड वाढवला, वर्षाला 3 डॉलर 99 सेंट. आणि त्याच दिवशी 4,800 नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालवायचं जाहीर केलं. एका हातानं वाढायचं आणि दुसऱ्या हातानं माणसं कमी करायची, मला तेव्हाच ते खटकलं होतं. काकांना नाही खटकलं. भाव उतरत उतरत 30 च्या घरात आला, तसे ते आणखी खुलले. म्हणे, बँक 4 टक्के द्यायला कुरकुरते आणि बेल 13 टक्के देते! अहो, भाव पडला म्हणून टक्का फुगला, कंपनी काही उदार झाली नव्हती.

बरं, हिशेब काही गुप्तही नव्हता. 2024 मध्ये सगळा खर्च भागवून कंपनीच्या हातात उरले 3 अब्जांच्या आत, आणि शेअरवाल्यांना वाटले साडेतीन अब्जांच्या वर. उरलेलं कुठून आणणार? उधारीतूनच. त्यात त्या सप्टेंबरात मेपल लीफ्स हॉकी संघाच्या कंपनीतला आपला हिस्सा रॉजर्स या दुसऱ्या फोन कंपनीला 4.7 अब्जांना विकायचं ठरवलं. सगळ्यांना वाटलं, आता कर्ज फिटेल. यांनी नोव्हेंबरात अमेरिकेतली झिप्ली फायबर ही इंटरनेट कंपनी घ्यायचं काढलं, 5 अब्ज रोख मोजून! शेवटी 2025 च्या मे महिन्यात 3.99 चे केले 1.75. हजार शेअरवाल्याच्या घरी वर्षाला 3,990 यायचे, ते 1,750 झाले. काकूंचं भारताचं तिकीट त्यातच गेलं, म्हणून तर त्या एवढ्या फुरंगटल्यात.

तुम्ही म्हणाल, बेलचं नशीब फुटकं. नशीब कसलं? तुमचं बेसमेंट सहा महिने रिकामं का आहे, सांगा बघू. 2024 च्या जानेवारीत सरकारनं बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली. मग कायम वास्तव्याचं 2025 चं लक्ष्य 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणलं. आपल्याकडे भाडेकरू म्हणून येणारं पोरगं विमानातून उतरलं की आधी काय घेतं? सिमकार्ड! तेच येईना तर नवं गिऱ्हाईक कुठलं? त्यातच क्वेबेकॉरनं 2023 मध्ये फ्रीडम ही मोबाइल कंपनी घेतली आणि महिन्याच्या प्लॅनचे दर पाडले. तुमचं भाडं आणि बेलचा भाव एकाच दुखण्यानं आजारी आहेत, वहिनी.

आणि व्याजदर होताच. बँक ऑफ कॅनडाचा दर 2022 च्या सुरुवातीला 0.25 टक्के, 2023 च्या जुलैत 5. जीआयसी, म्हणजे बँकेची मुदत ठेव, घरबसल्या 5 टक्के द्यायला लागली, मग कर्जात बुडालेल्या फोन कंपनीकडे कोण बघतं? पण गंमत अशी की पुढे दर 2.25 पर्यंत खाली आला, तरी बेल काही 70 ला परत गेला नाही. म्हणजे रोग नुसता व्याजाचा नव्हता.

अल्गॉनक्विन पॉवर आठवते का? आमच्या दिरांची लाडकी. वीज-पाण्याची कंपनी, तिला काय धाड भरणार! कर्जाचा काही भाग बदलत्या दराचा होता, दर चढले, 2023 च्या जानेवारीत डिव्हिडंड 40 टक्के कापला. दीर म्हणाले, कापून झाला, आता घाण निघून गेली, आणखी घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा 40 टक्के. शंभराचे साठ, साठाचे छत्तीस. एकदा कापणारा दुसऱ्यांदा कापणार नाही, असं कुठं लिहिलेलं नाही.

नाही नाही, पडलेलं सगळंच विकावं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे टीडी बँकेचा शेअर आहे ना. 2024 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत काळा पैसा फिरू दिल्याबद्दल त्यांनी गुन्हा कबूल केला, 3 अब्ज अमेरिकन डॉलरच्या वर दंड भरला, शिवाय तिथल्या धंद्याच्या वाढीवर बंधन आलं. वर्षअखेरीला भाव 75 च्या आसपास घुटमळत होता. हे म्हणाले, विकून टाकू, चोरांची बँक. मी म्हटलं, थांबा. लाज वाटायला हवी हे खरं, पण दंड एकदा भरून संपतो. इथली खाती, इथली गृहकर्जं, सगळं जागच्या जागी होतं आणि डिव्हिडंड, दंड वगळला तर, कमाईच्या निम्म्याच्या आसपास. 2025 संपायच्या आत शेअर 100 च्या वर गेला. आता हे सगळ्यांना सांगत फिरतात की मीच थांबलो म्हणून!

काकांचं अडलं होतं ते एकाच आकड्यावर. 70 आला की विकतो. तीन वर्षं हेच पालुपद. त्या 70 ची नोंद फक्त त्यांच्या वहीत, बाजाराला तिचं काय? शेवटी मुलीनं विचारलं, बाबा, आज हेच पैसे रोख हातात असते तर बेल घेतला असता का? काका गप्प. दुसऱ्या दिवशी विकला. पोरगी हुशार आहे हो, मॅकमास्टर विद्यापीठात आहे.

बरं, मुद्द्याचं. तुमच्या ह्यांना टेलस घ्यायचाय म्हणे, तीही फोन कंपनीच? त्याचा डिव्हिडंड 2025 च्या डिसेंबरात 9 टक्क्यांवर दिसत होता. आणि त्याच डिसेंबरात त्यांनी डिव्हिडंडची वाढ थांबवली, जी त्याच वर्षीच्या मे महिन्यात 2028 पर्यंत चालू ठेवू म्हणाले होते! इतकी वर्षं बऱ्याच जणांना रोख न देता 2 टक्के सवलतीत नवे शेअर देत होते, म्हणजे वाटेकरी वाढवत होते. मी तरी लांब राहीन. घ्यायचाच असेल तर थोडा घ्या, आणि त्या डिव्हिडंडवर गाडीचा हप्ता बसवू नका. टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, घेऊन तोटा झाला तर तो करात दाखवता येत नाही आणि गेलेली जागाही परत मिळत नाही, हेही त्यांना सांगा.

आणि आता खरी बातमी, म्हणून तर हाक मारली. काकूंच्या डोक्यात आलंय की बेल एवढा स्वस्त आहे, तर आपल्या खात्यात थोडा घ्यावा. काकांचं खातं साधं, त्यामुळे त्यांचा तोटा नफ्यातून वजा होतो. मागच्या 3 वर्षांच्या नफ्याशीही जुळवता येतो, नाहीतर पुढे कितीही वर्षं ओढता येतो. पण विकल्याच्या आधी किंवा नंतर 30 दिवसांत बायकोनं तोच शेअर घेऊन ठेवला, तर नवऱ्याचा तोटा नामंजूर. टीएफएसएमध्ये घेतला तरी तेच. आमच्या अकाउंटंटनं एका गिऱ्हाइकाचे हजारो डॉलर असेच गेलेले पाहिलेत.

मी सांगायला गेले तर त्यांना वाटेल, हिला आमचे पैसे मोजायचेत. तुमचं ऐकतात त्या. आज संध्याकाळीच जा, आणि सांगा, महिनाभर बेलला हात लावू नका.