सॅटर्न आणि शोकेस

माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ हे रॉकेट ११० मीटर उंच होतं. माझं जेमतेम पाऊण मीटर आहे. त्याच्याबद्दलच्या घरच्या तक्रारी मात्र मूळ मापातल्याच आहेत. डायनिंग टेबल अडतं, थिनरचा वास आमटीला लागतो, वगैरे.

प्रमाण एकास एकशे चव्वेचाळीस. खऱ्यातला एक मीटर इथे सात मिलिमीटर होतो. या हिशोबानं नील आर्मस्ट्राँग तांदळाच्या दोन दाण्यांएवढा भरतो, आणि त्याच्यासकट तिघांना घेऊन परत आलेलं कमांड मोड्यूल पावणेतीन सेंटिमीटर रुंद. तो इवलासा शंकू एकदा घरंगळत कोचाखाली गेला. प्रशांत महासागरातून तो उचलायला अमेरिकेनं १९६९ साली विमानवाहू जहाज धाडलं होतं. आम्ही झाडूच्या दांड्यावर भागवलं.

खरा घोळ रंगाचा. सॅटर्नवरचे काळे-पांढरे पट्टे शोभेसाठी नव्हते. उडताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय, हे जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना दिसावं म्हणून ते होते. माझ्या खोक्यावरच्या चित्रात पहिल्या टप्प्याच्या मधोमध एक रुंद काळा पट्टा होता. चंद्रावर गेलेल्या एकाही सॅटर्नवर तो नाही! असे कित्येक जुने संच बेतले गेले ते ५००-एफ नावाच्या नमुन्यावरून. हे रॉकेट १९६६ साली केनेडी स्पेस सेंटरवर उभं केलं ते निव्वळ रंगीत तालमीसाठी: लाँच पॅडपर्यंत न्यायचं कसं, टाक्या भरायच्या कशा, हे बघायला. काळा रंग फ्लोरिडाच्या उन्हात तापतो असं दिसल्यावर पुढच्या रॉकेटांवर ती जागा पांढरी झाली. खोकी काळीच राहिली. या एका पट्ट्यावरून मॉडेलवाल्यांत जी हमरीतुमरी होते, ती पाहता अमेरिका आणि रशिया त्या मानानं फारच समजूतदारपणे वागले म्हणायचे.

मी पांढऱ्या रंगाची बाटली उघडलीच होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका पेपर मागायला आले. त्यांनी रॉकेट वरून खालून न्याहाळलं, पाचही इंजिनांत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "उडतं का हो?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

हा प्रश्न मला आजवर पाहुण्यांनी, इलेक्ट्रिशियननं आणि सख्ख्या मामांनी विचारलेला आहे. मी बाटलीचं झाकण लावलं आणि पट्टा काळाच ठेवला. आता कोणी विचारलं, की ताठ मानेनं सांगतो: हे ५००-एफ आहे, मूळसुद्धा उडत नव्हतं.

राहता राहिला जागेचा प्रश्न. शोकेसचा कप्पा अर्ध्या मीटरचा, रॉकेट पाऊण मीटरचं. मी सुताराला बोलवायचं म्हणत होतो. बायकोनं शांतपणे पहिला टप्पा उपसून हातात घेतला.

"अहो, अडीच मिनिटं जळून हा अटलांटिकमध्ये पडायचा ना? येईल त्या पाहुण्याला सांगत असता."

"हो, पण..."

"मग माळ्यावर जाईल."

त्यामुळे सध्या आमचं सॅटर्न दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतं. दुसरा टप्पाही अटलांटिकमध्येच पडायचा, हे मी घरात अजून कोणाला बोललेलो नाही.