कोथिंबिरीसाठी बाहेर

24 मार्च 2020. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मला समाजसेवा करायला सांगितलं. सांगितलं सगळ्यांनाच, पण आमच्या घरी त्या वेळी टीव्हीसमोर मी एकटाच होतो, त्यामुळे मी ते मनावर घेतलं. सेवा काय करायची, तर काही नाही. 21 दिवस घरात बसायचं. वर्गणी नाही, श्रमदान नाही, सभेला जाऊन सतरंजीवर बसायचंही नाही. मी 32 वर्षं सरकारी खात्यात काढलेली. काही न करण्याचा एवढा दांडगा अनुभव असलेला माणूस देशाला शोधून सापडला नसता. "आता आमची गरज पडली बरं का," मी हिला म्हणालो. ती म्हणाली, "उद्या पाडवा आहे. कोथिंबीर संपलीये."

साडेआठला मी पिशवी घेऊन कोपऱ्यावर. उद्यापासून गर्दी करायची नव्हती, म्हणून सगळे आजच आले होते. गर्दी व्हायच्या आत उरकून टाकू, असा विचार पेठेतल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला होता. भाजीवाल्याभोवती आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून जुड्या ओढत होतो आणि 'लोकांना अक्कल नाही' यावर आमचं एकमत होतं.

पुढे शिस्त आली, नाही असं नाही. वाण्याच्या दुकानासमोर फक्कीने गोल आखले, दोन गोलांत चांगलं अंतर. पहिले दोन दिवस आम्ही गोलात उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. कुणीतरी आपल्या गोलात चप्पल काढून ठेवली आणि समोरच्या वडाच्या सावलीत गेला. मग सगळ्यांच्याच चपला गोलात. इतकी शिस्तबद्ध रांग मी पुण्यात कधी पाहिलेली नाही. एक कोल्हापुरी, एक स्लीपर, एक अंगठा तुटलेली, सगळ्या अंतर राखून गपगुमान पुढे सरकतायत आणि त्यांचे मालक पाराला खेटून, मास्क हनुवटीवर घेऊन, इटलीत लोक कसे बेफिकीर वागले ते एकमेकांना सांगतायत. रोग चपलांना होत असता, तर आमची पेठ पहिल्याच आठवड्यात मुक्त झाली असती.

अडचण कुठे होती सांगतो. 'घरात बसा, नाहीतर मराल' असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही बसलो असतो. सांगितलं भलतंच: तुमच्यामुळे दुसरा मरेल. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग वाटत हिंडतो, काहींना तर लक्षणं दिसतच नाहीत, असं डॉक्टर कंठशोष करून सांगत होते. त्यावर आमचं ठरलेलं उत्तर, "मला काही होत नाही हो." बरोबरच होतं. आम्हाला काही होत नव्हतं, प्रश्नही आमचा नव्हता.

शिवाय ही सेवा दिसत नाही. रक्तदान केलं की फोटो निघतो, वह्यावाटप केलं की फ्लेक्स लागतो. घरात बसलेल्या माणसाचा फोटो काय काढणार? आणि सेवा फळाला आली तर कळणार कसं? काही होणारच नाही. मग लोक म्हणणार, 'काही झालं तर नाही, उगाच कोंडून ठेवलं.' म्हणून तर 22 मार्चला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, पाच वाजता थाळ्या वाजवायला सांगितल्यावर आमच्यात जीव आला. गॅलरीत उभं राहून वाजवायच्या होत्या. पण गॅलरीतून आपली थाळी कितीशी ऐकू जाणार, म्हणून आमची सोसायटी खाली उतरली. पुढे ताशा, मागे आम्ही. दिवसभर घरात बसून जे काही साचवलं होतं, ते पाऊण तासात चौकात उधळून आलो. आमच्या थाळीला त्या दिवशी जो पोचा आला, तो आमच्या सेवेचा घरातला एकमेव पुरावा. भात वाढला की अजून वरण तिथेच साचतं.

पुरावा सरकारने खरं तर देऊ केला होता. परदेशातून येणाऱ्यांच्या डाव्या हातावर, मतदानाला लावतात त्याच शाईचा शिक्का मारायचे. आमच्या अध्यक्षांचे चिरंजीव मुंबईला उतरले, त्यांच्या शिक्क्यावर इंग्रजीत होतं की मुंबईकरांचं रक्षण करण्याचा मला अभिमान आहे. पुणेकराच्या हातावर हे वाक्य! तरी बिचाऱ्याने सहन केलं, पण 14 दिवस घरात बसणं झेपेना. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या खिडकीशी बसून तो नेलपेंट काढायचं पाणी आणि पांढऱ्या टूथपेस्टने आपला अभिमान घासत होता. समाजासाठी काही केल्याचं प्रमाणपत्र आयुष्यात पहिल्यांदा कातडीवर उमटलं, आणि तेवढंच त्याला नको होतं. शाई फिकटली, चामडी लाल झाली. विचारलं तर म्हणायचा, पोळी भाजताना भाजलं. त्यामुळे तो पोळ्या करतो अशी बातमी पसरली आणि दोन स्थळं आली.

कायद्याचा धाक होता, पण कायदा 1897 चा. मुंबईत आलेल्या प्लेगच्या धास्तीने इंग्रजांनी केलेला. त्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घरात शिरून माणसं बाहेर काढायचे. आमच्या वेळी पोलीस बाहेरची माणसं घरात घालत होते. पुणेकराला तेव्हा आत राहायचं होतं, आता बाहेर यायचं होतं. सरकार सांगेल त्याच्या उलट, एवढं सातत्य आम्ही सव्वाशे वर्षं राखलं.

प्लेगवरून आठवलं. शेजारच्या भाऊंना जिन्यात अडवून मी एकदा विचारलं, "रोज कुठे निघता?" ते तडकले. "सावित्रीबाई प्लेगमध्ये घरात बसल्या होत्या का?" नव्हत्या बसल्या. मुंढव्याहून प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. भाऊंच्या पिशवीत दोन डझन हापूस होते. पाठीवर नव्हे, हातात.

आमच्या कामवाल्या मावशींना मात्र सोसायटीने फाटकातच अडवलं. त्यांच्यापासून धोका म्हणे. (दुबईहून आलेला रोग भांडी घासणाऱ्या बाईपासून वाचवायचा होता.) मी फोन करून त्यांनाही समजावलं, "मावशी, घरातच राहायचं बरं का. दुसऱ्यांसाठी." त्या भवानी पेठेतल्या वस्तीत राहतात. म्हणाल्या, "राहतो की दादा. पर सगळे एका टायमाला मावत न्हाईत, म्हनून पाळी लावलीया. सकाळी पोरं घरात, दुपारी आमी." नळ गल्लीत, संडास सार्वजनिक. मी "हात धूत जा" म्हणालो आणि फोन ठेवला. पगार दिला का, असं विचाराल तर दिला. अर्धा.

फाटकावर वॉचमनकडे वही आली. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, बाहेर जाण्याचं कारण, सही. अंतर राखायला ठेवलेली ही वही, आणि तिला सुतळीने बांधलेलं एकच पेन. अख्ख्या सोसायटीने हात लावलेली तेवढीच एक वस्तू. माझ्या नावापुढे कारण: कोथिंबीर. कोथिंबीर. औषध. कोथिंबीर. पुढे पुढे मी दिसलो की वॉचमनच लिहून टाकायचा. त्याला स्वतःला घरात राहायची सोय नव्हती, घर नांदेडकडे होतं.

2021 च्या 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीने 'कोरोना योद्धा' प्रमाणपत्रं वाटली. योद्धे ठरवायचे कसे? अध्यक्षांनी वही काढली. ज्याच्या नोंदी जास्त तो अधिक राबला, असा हिशोब झाला. मी पहिला आलो. शाल, नारळ, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. भाऊ दुसरे.

11 नंबरच्या काकूंची वहीत एकही नोंद नव्हती. टोपलीला दोरी बांधून त्या दुसऱ्या मजल्यावरून दूध-भाजी वर ओढायच्या, टोपलीतले सुटे पैसे साबणाच्या पाण्यात टाकायच्या. त्या दिवशी नाकावर मास्क घेऊन सगळ्यांच्या मागे, लांब उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी औदार्याने म्हणालो, "काकू, तुम्ही बाई फारच घाबरलात."

"घाबरले नाही हो. एप्रिलमध्ये जरा खोकला होता मला. साधाच असेल म्हणा, पण साधाच आहे हे कळणार कसं? म्हटलं, कशाला उगीच दुसऱ्याला."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मी शाल सारखी केली. तेवढ्यात वड्यांचं घमेलं आलं, आणि अध्यक्ष ओरडले, "अरे, हिरव्या चटणीची कोथिंबीर कुणी आणलीच नाही!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी खिशातच होती.