वायरी कं गेल्या?

टीव्ही भिवंडीच्या गोदामातून निघाला आणि आमच्या कोनला पोचायला त्याला दोन दिवस लागले. मोबाइलवर त्याचा ठिपका बघत बसलो होतो. राजनोली नाक्यावर आम्ही रोज अडकतो, मग टीव्हीने का अडकू नये? अखेर खोकं आलं, ५५ इंच भिंतीवर चढले आणि तेव्हा कळलं की या प्राण्याला शेपट्या असतात. मोजल्या, तर सात. टीव्हीची स्वतःची एक, सेटटॉप बॉक्सच्या दोन, साउंडबारच्या दोन, राउटरची एक. सातवी कशाची आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पण ती उपटून बघायची हिंमतही कुणात नाही.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढची कैक वर्षं टीव्हीला लाकडी शटरचं कपाट असायचं, वर क्रोशाचा रुमाल, शटरला कुलूप. टीव्ही लपवायचा आणि वायर मिरवायची. गच्चीवरच्या अँटेनाची ती चपटी वायर खिडकीतून आत शिरताना अख्ख्या आळीला दिसलीच पाहिजे, नाहीतर घरात टीव्ही आलाय हे कळणार कसं? आता बरोब्बर उलटं झालंय. टीव्ही एवढा मोठा की पडद्यावरचा पुढारी आपल्याच सोफ्यावर बसायला आल्यासारखा वाटतो, आणि वायर दिसली तर घराण्याची अब्रू गेली.

भिवंडी तालुक्याने वायरीची लाज बाळगावी, हा त्यातला खरा विनोद. आमच्याकडे ‘आकडा’ हा शब्द जितका मटक्याचा, तितकाच विजेचा. तारेवर टाकला की झालं. २६ जानेवारी २००७ ला वीजवाटप टॉरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेलं आणि त्या प्रयोगामुळे भिवंडीचं नाव देशभर झालं. आकड्यांचे दिवस हळूहळू सरले. आणि ज्या मंडळींनी उघड्या तारांखाली जन्म काढला, त्यांची पोरं आज इलेक्ट्रिशियनला विचारतात, ‘कन्सिल होईल ना?’

मीही विचारलं. ‘होईल की साहेब,’ म्हणाला, आणि भिंतीला कटर लावला. दुर्गाडी किल्ल्याचा पाया खणताना धन सापडलं होतं, अशी खाडीपलीकडची आख्यायिका आहे. आमची भिंत खणली तेव्हा बिल्डरची वायर सापडली. ती कुठून येते आणि कुठे जाते, हे बिल्डरलाही माहीत नसावं. धुरळा एवढा उडाला की दोन दिवस वरणभातालाही सिमेंटची चव होती.

पाइप बसला, गिलावा झाला, पुट्टी झाली, रंग वाळला. मग पठ्ठ्या एचडीएमआयची वायर पाइपात घालायला लागला. त्या वायरीचं नुसतं लोखंडी तोंडच जवळपास १४ मिलिमीटर रुंद, त्यावर प्लास्टिकचं टोपडं. सरळ पाइपात ती नवरीसारखी चालली. एल्बोच्या वळणावर जी अडली ती अडलीच. पुढे जाईना, मागे येईना. साधी वायर वळणावर तोंड फिरवते, हिला मान नाही. ‘आधी वायर घालून मग गिलावा करायचा असतो,’ असं ज्ञान मला तेव्हा देण्यात आलं. कुणी दिलं? ज्याने गिलावा केला त्यानेच! शेवटी वायर कापून काढली, भिंत पुन्हा फोडली, एल्बो गेला, जाड पाइप लांब बाक देऊन बसवला. या खेपेला मी हट्टाने त्यात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडायला लावली. उद्या नवी वायर ओढायची झाली तर तिला बांधून ओढता येईल. साऱ्या नूतनीकरणात अक्कल म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू, आणि किंमत दहा रुपये.

मग सुतार. त्याने टीव्हीखाली युनिट केलं. लॅमिनेट असं चकचकीत की त्यात तोंड बघून दाढी करावी. सेटटॉप बॉक्स, राउटर, अडॅप्टर सगळं आत आणि वर शटर. सुंदर. संध्याकाळी मालिकेची वेळ झाली, बायकोने रिमोट दाबला, बॉक्स ढिम्म. रिमोटचा तो अदृश्य उजेड काचेतून जातो, लाकडातून नाही. त्यात आतली हवा कोंडून अडॅप्टर असे तापले की वर पापड भाजावेत. तेव्हापासून शटर चोवीस तास उघडं असतं. म्हणजे वायरी लपवायला जे केलं, तेच आता वायरींना चौकट करून दाखवतं. पाहुण्यांची नजर पूर्वी जाईल न जाईल, आता थेट तिथेच जाते.

बायकोने यावर तोडगा काढला. पन्नासेक रुपयांचे वेल्क्रोचे पट्टे आणले. विजेच्या वायरी एका बाजूला, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला, प्रत्येकीला कागदी चिकटपट्टीवर पेनने नाव: ‘बॉक्स’, ‘साउंड’, ‘वायफाय’. सातवीवर तिने लिहिलं, ‘काढू नये’. काम वीस मिनिटांत झालं. भिंतीच्या खर्चाचा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात वर्ज्य आहे.

शेजारच्या आजी गणपतीत दर्शनाला आल्या. जुन्या कोनगावातल्या, पक्क्या आगरी. गणपतीकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. टीव्हीखालच्या मोकळ्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘वायरी कं गेल्या रं?’ मी अभिमानाने भिंतीकडे बोट दाखवलं. आजींनी खिडकीकडे बोट दाखवलं.

खिडकीबाहेर खांब आहे. त्याला केबलवाल्यांच्या, इंटरनेटवाल्यांच्या, मेलेल्या आणि जिवंत अशा सगळ्या वायरींची जट लोंबते. खांबावरून झाडावर, झाडावरून समोरच्या गच्चीवर, तिथून आमच्या ग्रिलमधून आत. वाटेत कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. घरातल्या सहा फुटांना लपवायला मी भिंत दोनदा फोडली. बाहेरच्या दोनशे फुटांवर कावळे झोके घेतात.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गोदामाकडे निघालेला एक कंटेनर चुकून गल्लीत शिरला आणि त्या जटेतल्या चारपाच वायरी घेऊनच गेला. भिंत स्वच्छ, पाइप उत्तम, पट्ट्या जागच्या जागी, टीव्ही काळा. केबलवाला पोरगा संध्याकाळी आला, चप्पल काढून खांबावर चढला, नवी वायर ओढून पाच मिनिटांत चित्र आणलं. वीसेक फूट वायर उरली. तिचं गोल वेटोळं करून त्याने आमच्या ग्रिलला अडकवलं, दर्शनी बाजूला, कंदील लावतात तिथे.

‘अरे, कापून टाक ना ती,’ मी म्हणालो.

‘असू दे काका. पुढचा कंटेनर आला की इथूनच ओढता येईल.’