तेराव्यापर्यंतचा माणूस

पहाटे पावणेपाचला जिन्यात बुटांची करकर ऐकू आली की आमची ही कूस बदलत विचारते, "कोण गेलं हो?" वरच्या मजल्यावरचे गृहस्थ फिरायला निघाले, याचा अर्थ काल ते वैकुंठात जाऊन आले. कुणी गेल्याशिवाय हा माणूस उठत नाही.

स्मशानवैराग्य तुम्हाआम्हाला स्मशानाच्या फाटकापर्यंत पुरतं. यांना तेराव्यापर्यंत पुरतं, म्हणून आम्ही त्यांना वैरागीबुवा म्हणतो. पुण्यात असे बुवा पेठेपेठेत सापडतील. वय साठीच्या अलीकडेपलीकडे, छातीत एक स्टेंट किंवा स्टेंटची धास्ती, आणि पेपर उघडायचा तो थेट निधनवार्तांवर. तिथेही आधी वय बघायचं, मग नाव. वय आपल्याहून जास्त असेल तर चहा गोड. कमी असेल तर त्या दिवशी चहात साखर बंद.

बुवा खरे खुलतात वैकुंठात. विद्युतदाहिनीत नंबर लागेपर्यंत बाकावर जिवंत माणसांचं शवविच्छेदन चालतं. साखर किती, क्रिएटिनिन किती, अँजिओग्राफी केलीत का. गेलेला रोज पर्वती चढणारा निघाला तर बुवा म्हणतात, "रोज 103 पायऱ्या! काय उपयोग झाला?" बैठ्या कामाचा निघाला तर म्हणतात, "हालचालच नाही हो, दुसरं काय होणार!" पहिल्या मयताच्या नावावर महिनाभर झोपायचं, दुसऱ्याच्या नावावर बूट काढायचे. (हसतोय खरा, पण माझेही बूट कपाटात आहेत.)

घरी येऊन अंघोळ झाली की नवी वही. वर 'श्री', खाली यादी: साडेचारला उठणे, दुधीचा रस, प्राणायाम, दहा हजार पावलं, मृत्युपत्र, धाकट्या भावाला फोन. शेवटच्या दोन गोष्टी गेल्या 11 वह्यांमध्ये जशाच्या तशा आहेत.

पावलांसाठी मुलाने मनगटाला घड्याळ बांधून दिलंय. आकडा अडला की बुवा सोफ्यावर बसून हात हलवतात. एकदा नुसता चक्का फेटून त्यांनी बाराशे पावलं काढली. दहा हजारांचा आकडा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, हे मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आयुर्वेदात नाही? मग निम्मी पुरेत."

पण त्यांची खरी अडचण हिशेबाची. सवय लागायला 21 दिवस लागतात असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं, आणि वैराग्य तेराव्याच्या जेवणात जिलबीबरोबर विरघळतं. "मधले आठ दिवस आणायचे कुठून?" मी नको तिथे शहाणपणा केला. सांगितलं, की ते 21 दिवस मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातले. रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे तरी लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या, तर सरासरी निघाली 66 दिवस. कुणाला 18 लागले, कुणाला 254 लागतील असा अंदाज.

बुवांनी मनातल्या मनात 66 ला 13 ने भागलं. "म्हणजे ओळीने पाच जण जायला हवेत," ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मागच्या महिन्यात त्यांचा कचेरीतला जोडीदार गेला. वीस वर्षं तो रोज पहाटे खालून हाक मारायचा, "येतोस का रे?" आणि बुवा वरून सांगायचे, "उद्या!" दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड मांडला. कावळे झाडावर, पण शिवेनात. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. जावई म्हणाला, फ्लॅटचे हप्ते मी बघतो. पुतण्या काहीतरी पुटपुटला. तास उलटला, भटजी घड्याळ बघू लागले, कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं सुचवलं. तेव्हा बुवा पुढे झाले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "येतो रे. उद्यापासून. रोज."

कावळ्याने झडपच घातली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बुवांचा मात्र चेहरा उतरला.

तेरावा झाला, जिलब्याही झाल्या. आज पंचविसावा दिवस. पहाटे धो धो पाऊस होता, तरी जिन्यात करकर ऐकू आली. मी दार उघडलं. एका हातात छत्री, दुसऱ्याने नाडी बांधत बुवा समोरच्या गुलमोहराकडे बघत होते.

"बसलाय मेला अजून," ते म्हणाले आणि उतरले.