मागेच बसू!

खांदा कॉलनीत तळमजल्यावर घर घेतलं की त्याबरोबर मागची जागा मिळते. ती नक्की कोणाची, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत दरवर्षी निघतो आणि वडापाव आले की मिटतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून चिंचोळी पट्टी, खाली शहाबादी फरशी, कडेला कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे गटार. या पट्टीत ज्याने एकदा झोपाळा टांगला तो माणूस कामातून गेला. मग तो कुंड्या आणतो, प्लास्टिकच्या खुर्च्या आणतो, दिव्यांच्या माळा आणतो, आणि या सगळ्यामागोमाग, न बोलावता, डास येतात.

असे गृहस्थ प्रत्येक सेक्टरात एक-दोन तरी आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, आपणही म्हणू.

काकांची उमेदीची वर्षं परळच्या एका खोलीत गेली आणि नंतरची हार्बर लाईनच्या दारात. त्या दारात लटकून त्यांनी एकच स्वप्न पाहिलं: रिटायर झाल्यावर संध्याकाळी झाडाखाली खुर्च्या टाकायच्या, चार माणसं बोलवायची, कांदाभजी खायची आणि सरकार पाडायचं. त्यामुळे घरात सोफा, एसी, खिडक्यांना जाळ्या असं सगळं असूनही काका पाहुण्याला हॉलमध्ये टेकू देत नाहीत. फोनवरचं निमंत्रण ठरलेलं आहे: ‘शनिवारी या, मागेच बसू!’ आणि फोन ठेवता ठेवता, जरा खालच्या आवाजात, ‘फुल पँट घालून या हां.’

खरं तर इथे हक्क डासांचा जुना. भातखाचरं, खाजणं आणि खाडीचं पाणी यांचा हा सगळा पट्टा. जवळून गाढी नदी वाहते, कॉलनीच्या कुशीत खांदेश्वराच्या देवळाचा तलाव आहे. 1970 साली सिडको आली, पुढे भराव पडले, सेक्टर आखले गेले, माणसं अर्ज भरून आणि हप्ते फेडून राहायला आली. डासांना यातलं काही करावं लागलं नाही. 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महापालिका झाली तेव्हा काकांना फार आनंद झाला, कारण डासांविषयीच्या अर्जाच्या तेव्हापासून दोन प्रती काढता येऊ लागल्या.

काकांची ओळखीची खूण म्हणजे उजव्या हातातली रॅकेट. ती बॅडमिंटनची नाही, चार्जिंगची आहे. डाव्या हाताने ते भज्यांची प्लेट पुढे करतात आणि उजव्या हाताने तुमच्या कानशिलाजवळून वार करतात. ‘हलू नका!’ पाहुणा तोंडात भजं धरून थिजतो. चट्! निळी ठिणगी, जळका वास आणि काकांच्या चेहऱ्यावर सात्त्विक समाधान. ‘मादी होती,’ ते जाहीर करतात. जळून कोळसा झालेल्या डासाचं लिंग त्यांना कसं कळतं हे जुने पाहुणे विचारत नाहीत. नवा विचारतो आणि मग सगळ्यांनाच ऐकावं लागतं: चावतात त्या माद्या, नर बिचारे फुलांच्या रसावर जगतात, मादीलाही रक्त लागतं ते अंड्यांच्या पोषणासाठी. सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 ला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले, तो दिवस काका पाळतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी रॉसचा फोटो पडतो. एका वर्षी खाली सतरा जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि सेक्रेटरींनी ‘कितव्या मजल्यावरचे?’ असं विचारलं.

काकांनी आजवर जे जे विकत घेतलं ते सगळं मागच्या जागेत अजून टांगलेलं आहे. आधी आला निळ्या दिव्याचा पिंजरा. रात्रभर त्यात चटचट चाले आणि काका आतून झोपेत हसत. सकाळी खालच्या ट्रेमध्ये पाकोळ्या, भुंगे, चिलटं यांचा खच. डास? शोधावा लागे. अमेरिकेत डेलावेअरमध्ये कोणीतरी अशा दिव्यांखालचा खच मोजला होता आणि तो आकडा 1996 साली छापून आला: 13,789 किडे मेले, त्यांतले चावणारे 31. हे काकांना सांगून पाहिलं. ‘ते अमेरिकेतले डास,’ काका म्हणाले, ‘आपले भोळे आहेत.’ त्यानंतर मोबाईलमध्ये एक ॲप आलं. ते माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डासांना पळवणार होतं. तो आवाज डासांनाही ऐकू येत नसावा. मग झाडांची लाट आली: सिट्रोनेला, झेंडू, तुळस, गवती चहा. झाड कुंडीत नुसतं उभं असलं तर डास त्याला भीक घालत नाही, पानं चुरडून अंगाला चोळली तर थोडा वेळ काही उपयोग होतो, असं कळल्यापासून काकांकडे पाहुण्याला आधी पाण्याचा ग्लास मिळतो आणि मग चुरडायला दोन पानं. नवी सून एकदा ती खाऊन बसली.

काकांचा खरा जीव मात्र मच्छर अगरबत्तीवर. प्रत्येक खुर्चीखाली एक वेटोळं पेटतं. जपानच्या उएयामा नावाच्या माणसाने आधी सरळ काडी बनवली, ती तासाभरात संपायची. मग त्याने वेटोळ्याची युक्ती काढली, हा इतिहास ते पेटवता पेटवता सांगतात.

‘त्याने नाही, त्याच्या बायकोने काढली,’ काकू दारातून म्हणतात. ‘युकी तिचं नाव. 1895 साली. तुम्हीच मागे वाचून दाखवलंत.’

‘तेच ते.’

काकूंचा स्वतःचा उपाय एक जुना टेबलफॅन हा आहे. तो त्या टेबलावर ठेवत नाहीत, टेबलाखाली, जमिनीवर ठेवतात. डास उडण्यात अगदी दुबळा. पंख्याच्या झोतात त्याला पायावर बसणं जमत नाही. शिवाय आपल्या श्वासातल्या ज्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो येतो तो वाऱ्याने पांगतो. पंखा लागला की पाच मिनिटांत पाय खाजवणं थांबतं आणि गप्पांना रंग भरतो. एवढ्यात काकांच्या लक्षात येतं की वाऱ्याने अगरबत्त्या भराभर जळताहेत आणि सुगंधी मेणबत्त्या विझल्या आहेत. ते वाकून पंखा बंद करतात. काकू भजी घेऊन येतात, पायाच्या अंगठ्याने बटण दाबतात. काका वाकतात. पार्टीभर हे चालू असतं आणि कोणीच त्यावर एक शब्द बोलत नाही. तीस वर्षांचे संसार असेच टिकले असावेत.

एवढं करून काही डास उरतातच. त्यांच्यासाठी भाचेजावई असतात.

भाचेजावई हे अशा प्रत्येक मैफलीतलं आवश्यक पात्र आहे. अंगाने भरलेले, घामाचे, हाफ पँटवर येणारे आणि ओ पॉझिटिव्ह. जपानी संशोधकांनी 2004 साली असं दाखवलं होतं की एडिस जातीचे डास ए रक्तगटापेक्षा ओ गटाच्या माणसावर जास्त उतरतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही, काकांना पटलेलं आहे. 2010 मध्ये बुर्किना फासोतल्या एका प्रयोगात बिअर प्यायलेल्या माणसांकडे डास अधिक ओढले गेले, तेव्हापासून काका स्वतः लिंबू सरबत घेतात आणि भाचेजावयांचा ग्लास रिकामा राहू देत नाहीत. त्यांची खुर्ची केळीखाली, इतरांपासून जरा लांब, खास राखून ठेवलेली असते. भाचेजावई बापडे बायकोला सांगतात, ‘तुझ्या मामांचा माझ्यावर फार जीव आहे.’ पोटऱ्यांवरच्या गांधी खाजवत खाजवत सांगतात.

गांधी येतात कुठून, यावर काकांचं मत पक्कं आहे: गटारातून. भिंतीवरून टॉर्च मारून ते गटाराचे फोटो काढतात, अर्जाला जोडतात. धुराची गाडी आली की चप्पल न घालता बाहेर पळतात, तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत जाऊन व्हिडिओ घेतात, ‘आमच्याकडे जरा जास्त’ असं हाताने खुणावतात. धुराने उडणारे डास पडतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी पंख झाडत बाहेर येते. गटारात क्युलेक्स होतात हे खरंच आहे. ते रात्री गुणगुणतात. पण काकांचे पाहुणे साडेपाचला, उजेडीच चावून घेतात, आणि दिवसा चावणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस गटाराकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. तो फार लांबूनही येत नाही; बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतलाच असतो.

म्हणून पावसाळ्यात आरोग्य खात्याची बाई टॉर्च आणि पळी घेऊन दारात आली तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. काकांनी तिचं स्वागत केलं आणि थेट कमळाच्या टाक्यापाशी नेलं. टाक्यात गप्पी मासे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा,’ काकांनी म्हणून दाखवलं. बाईंनी मान डोलावली आणि टाक्याशेजारची कुंडी उचलली. कुंडीखालच्या ताटलीत बोटभर पाणी, पाण्यात वळवळणारी वीस-पंचवीस पोरं. दुसरी कुंडी उचलली, तिथेही. वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून काकांनी नळीखाली बादली लावली होती. तिथे तर शाळा भरलेली. मग अळूच्या देठांच्या बेचक्या, केळीच्या बेचक्या, झोपाळ्यावरच्या ताडपत्रीची घडी. बाई एकेक दाखवत गेल्या आणि शांतपणे ओतत गेल्या.

काका चष्मा लावून पहिल्या ताटलीवर वाकले. बराच वेळ निरखून म्हणाले, ‘हे आमचे नाहीत.’

‘मग?’

‘एसीचं पाणी वरच्यांचं.’

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून ताटल्या घासून कोरड्या करा. नुसत्या ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. काकांनी हे लक्षपूर्वक ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑनलाईन एक नवीन यंत्र मागवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी काकू जुना टूथब्रश घेऊन ताटल्या घासतात. गेल्या वर्षी डास बरेच कमी झाले. श्रेय यंत्राला मिळालं, जरी त्याचा प्लग कुठल्याच बोर्डात बसत नाही.

काकांचा खरा मोसम हिवाळा. वालाच्या शेंगा बाजारात आल्या की मागच्या जागेत पोपटी लागते, आणि रायगडात राहून ज्याने पोपटी लावली नाही त्याच्याशी काका बोलत नाहीत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, खडं मीठ, ओवा, पाल्यात गुंडाळलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने बंद करून मडकं उपडं, भोवती पेंढा आणि काटक्या, वर जाळ. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झालं. भांबुर्ड्याच्या उग्र वासाने डास पळतात, हा काकांचा सिद्धान्त. धूर मात्र नक्की वर जातो. यंदा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दोरीवरचे कपडे कडेवर घेऊन तणतणत खाली आल्या.

‘काका, तुमचे सगळे डास आमच्या बाल्कनीत आलेत!’

‘वहिनी, ते परत आले. मुळात तुमचेच. शेंगा घ्या.’

वहिनींनी शेंगा घेतल्या, मग बटाटा घेतला, मग मुलांनाही हाक मारली. कपडे झोपाळ्यावर पडले ते रात्री उशिरापर्यंत.

पोपटी उत्तम जमली होती. तरी काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. केळीखालची खुर्ची रिकामी होती. भाचेजावयांची नागपूरला बदली झाली होती, आणि डास, हिवाळ्यातले असले तरी, टेबलाभोवती समान वाटले जात होते. काकांनी रॅकेट मांडीवर आडवी ठेवली, जमलेल्या मंडळींवरून सावकाश नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी थांबली.

‘तुम्ही जरा त्या खुर्चीत बसा ना, आरामात,’ ते म्हणाले. ‘बिअर घेता? आणि रक्तगट काय म्हणालात तुमचा?’