दोन ग्रॅमचा खटला

डब्यातल्या साखरेबद्दल आमच्या घरात कुणाचीच तक्रार नाही. ती ओट्यावर राजरोस बसलेली असते आणि येताजाता सगळे तिच्यात चमचा घालतात. लेबलवर छापलेली साखर दिसली, की मात्र पंचनामा सुरू होतो.

या खेपेला आरोपी होती पीनट बटरची बरणी. चिरंजीव जिमला जायला लागल्यापासून घरात प्रोटीनशिवाय दुसरा विषय नाही. त्यानेच आणलेली बरणी, त्यानेच निम्मी संपवलेली, आणि मग एका सकाळी त्याने मागची बारीक अक्षरं वाचली: शेंगदाणे, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ. "आई, यात शुगर आहे!" स्वर असा, की मी दोन पावलं मागे सरकले.

"टाकून दे," नवरा पेपरातून म्हणाला. रक्ताच्या रिपोर्टात 'बॉर्डरलाइन' आल्यापासून हा आमचा घरगुती साखरतज्ज्ञ आहे. हे मत त्याने दिवसातला दुसरा चहा पिताना दिलं. चहात साखर दोन चमचे. तिसरा कप दुपारी असतो.

मी हिशेबाला बसले. अमेरिकेतल्या नेहमीच्या गोड पीनट बटरच्या दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे ३२ ग्रॅममध्ये, वरून घातलेली साखर असते साधारण २ ग्रॅम. चहाचा अर्धा चमचा! जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते, की अशी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा; म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याने ५० ग्रॅमच्या आत, आणि २५ वर आणलीत तर आणखी बरं. नवऱ्याचे तीन कपच २४ ग्रॅमवर जातात. शिवाय त्या दोन चमचे बटरच्या १९० कॅलरींपैकी साखरेच्या फक्त आठ. उरलेल्या बहुतेक दाण्याच्या स्वतःच्या, कारण दाण्यात निम्मं तेलच असतं. वजनाची काळजी असेल तर संशय साखरेवर नाही, चमच्यावर घ्यायला हवा. आणि आमचे चिरंजीव बरणीत जो घालतात तो आमटी वाढायचा डाव असतो.

चॉकलेटवाल्या बरण्यांची वकिली मी करणार नाही. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर दुसऱ्या नंबरला आणि शंभर ग्रॅममागे पंधरा-वीस ग्रॅम असेल, तर ती मिठाईच आहे. फक्त झाकणावर पिळदार दंडाचा माणूस आहे.

या बरणीवरून भांडणारं आमचं पहिलं घर नव्हे. अमेरिकन सरकारने १९५९ मध्ये प्रस्ताव मांडला, की पीनट बटर म्हणायचं तर त्यात ९५ टक्के शेंगदाणे हवेत. कारखानदार म्हणाले, ८७ पुरेत. रूथ डेसमंड नावाच्या बाई गृहिणींच्या बाजूने सुनावणीत ठाण मांडून बसल्या आणि पीनट बटरवाली आजी म्हणून गाजल्या. सुनावणीच्या नोंदींची जवळपास आठ हजार पानं झाली, बारा वर्षं गेली, आणि निकाल लागला ९० टक्क्यांवर. मुख्य भांडणही साखरेचं नव्हतंच, बाहेरून घातलेल्या तेलाचं होतं. एवढा वेळ आमच्याकडे फक्त हाउसिंग सोसायटीच्या पार्किंगला लागतो.

आमच्या घरात निकाल त्याच संध्याकाळी लागला. गोड बरणी माझ्याकडे वर्ग झाली आणि जवळपास दुप्पट किमतीची 'अनस्वीटन्ड, ऑल नॅचरल' आली. तीत फक्त दाणे. न घातलेल्या साखरेचे एवढे पैसे पडतात, हे मला नवीन होतं. पहिला घास चिरंजीवांच्या टाळूला असा चिकटला, की बराच वेळ घरात शांतता होती. सुटल्यावर तो म्हणाला, "टेस्ट डेव्हलप करावी लागते." आणि वर मध ओतला. मध नैसर्गिक असतो ना! चहाच्या एका चमचाभर मधात सहाएक ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना तीही त्याच खात्यात धरते. दोन ग्रॅम हद्दपार करून त्याने सहा आत घेतले, तेही डोळे मिटून, समाधानाने. नवऱ्याने गूळ घेतला. गुळात लोह असतं म्हणे.

सासूबाई सोलापूरच्या. त्यांनी बरणीत बोट बुडवलं आणि चाखून म्हणाल्या, "ही शेंगाचटणीच की गं! तिखट, लसूण, जिरं विसरले वाटतं. म्हणून एवढं महाग?" मी त्यांना प्रोटीन समजावलं. त्यांनी मान डोलवली आणि, "तेल मात्र छान सुटलंय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा चमचा बरणीत उभाच राहिला. आत शिरेना, शिरला तो बाहेर येईना. वर तरंगणारं तेल ढवळून आत मिसळायचं असतं, हे झाकणावर लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. आणि तेल आता तिथे नव्हतं.

"आजी, यातलं ऑइल कुठे गेलं?"

"वर आलेलं होतं, काढून ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "फोडणीला घेतलं. भाजी बरी झाली होती ना काल?"